कासव, मगर आणि तीन हजार व्होल्ट : इटलीची वेगवान विजेची इंजिनं

घाटवाट

वंदे भारतच्या धाग्यावर परवा चर्चा जपान, फ्रान्स, जर्मनी अशी फिरून आली आणि इटलीचं नाव कुणीच घेतलं नाही. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. युरोपात खास वेगासाठी बांधलेल्या नव्या लोहमार्गाचा पहिला टप्पा १९७७ साली इटलीत खुला झाला. फ्रान्सची टीजीव्ही त्यानंतर चार वर्षांनी धावली. मला मात्र मार्गापेक्षा इंजिनांवर लिहायचंय. तिथल्या अभियंत्यांनी १९२० च्या दशकात विजेचा एक दाब निवडला आणि पुढची साठेक वर्षं त्या निवडीशी झगडत झगडत वेग वाढवत नेला. ही झटापट मला विक्रमांपेक्षा जास्त रंजक वाटते.

सुरुवात कोळशापासून, म्हणजे कोळसा नसण्यापासून. इटलीत कोळसा जवळजवळ नाहीच. तो जहाजाने जिनोआ बंदरात यायचा आणि उत्तरेच्या कारखान्यांकडे जाताना त्याला जिओवीचा घाट चढावा लागायचा. चढ काही ठिकाणी हजाराला ३५, म्हणजे हजार मीटरला ३५ मीटर. आपला भोर घाट १ : ३७, म्हणजे हजाराला २७. त्यात लांब बोगदे, पुढे-मागे वाफेची इंजिनं आणि बोगद्यात कोंडलेला धूर. दुसरीकडे आल्प्समधलं पाणी मात्र मुबलक. त्यामुळे जलविद्युतवर गाड्या चालवायचा विचार तिथे फार लवकर सुरू झाला.

१९०२ मध्ये कोमो सरोवराच्या काठाने जाणाऱ्या वाल्तेलिना मार्गावर, साधारण १०६ किमी अंतरात, तारा पडल्या. काम बुडापेस्टच्या गान्झ कंपनीचं, डोकं काल्मान कांदो या हंगेरियन अभियंत्याचं. पद्धत थ्री-फेज, म्हणजे वीज तीन फेजमध्ये वाटून पुरवायची, ३००० व्होल्ट. तीन फेजपैकी दोन डोक्यावरच्या दोन वेगळ्या तारांतून यायच्या, तिसरा फेज म्हणजे खुद्द रूळ. मग १९१० च्या सुमारास जिओवी घाटात ई.५५० आलं. पाच जोडलेल्या धुरा, बुटकं, आडदांड. लोक त्याला 'जिओवीचं खेचर' म्हणायचे. चढावर ओढायचं आणि उतारावर ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडायचं. एकाच मार्गावर एक गाडी उतरतेय आणि तिच्या विजेवर दुसरी चढतेय, हे त्या काळात!

पण खेचराला दोनच चाली होत्या : ताशी २५ आणि ताशी ५०. प्रवासी गाड्यांसाठीचं ई.३३० ताशी १०० पर्यंत गेलं, तेही ३७.५, ५०, ७५ आणि १०० अशा चार पायऱ्यांवर. मधला वेग नाहीच.

उरलेलं प्रतिसादांत लिहितो, एकदम टाकलं तर कोणी वाचणार नाही.

साधाप्रश्न

वाचतोय. पण मधला वेग नाही म्हणजे काय? ताशी ६० ने जायचं असेल तर?

कल्याणशेड

जायचं नाही, एवढंच.

जरा खुलासा करतो, आयुष्य इंजिनांच्या शेडमध्ये गेलंय. थ्री-फेज इंडक्शन मोटर पुरवठ्याच्या फ्रीक्वेन्सीशी बांधलेली असते. तारेतली फ्रीक्वेन्सी कायम, तर मोटरचा वेगही जवळपास कायम. पोल बदलून किंवा दोन मोटरी एकापाठोपाठ एक जोडून दोन-चार वेग काढता येतात, बस. घाटात याचा फायदा व्हायचा, कारण उतारावर गाडी ठरलेल्या वेगापलीकडे पळूच शकत नाही. पण एका गाडीला दोन इंजिनं लावली आणि एकाची चाकं झिजून व्यास कमी झाला असेल, तर मोठ्या चाकाचं इंजिन जास्त भार अंगावर घेतं आणि लहान चाकाचं बिनकामाचं फिरतं. शेडवाल्यांना चाकांच्या जोड्या जमवत बसावं लागत असणार, माझी सहानुभूती आहे.

आणि सांधे बदलतात तिथे डोक्यावरच्या दोन वेगळ्या फेजच्या तारा एकमेकींना छेदणार. दोन्ही कुठेही भिडता कामा नयेत. मोठ्या यार्डात हे जाळं कसं दिसत असेल याची कल्पना करा. जोरात जाणाऱ्या गाडीचा पँटोग्राफ (छपरावरून तारेला भिडून वीज घेणारा सांगाडा) अशा ठिकाणाहून न्यायचा म्हणजे दुखणंच. वेगाची स्वप्नं बघणाऱ्याने थ्री-फेज सोडणं भाग होतं.

घाटवाट

नेमकं. म्हणून १९२७-२८ मध्ये दक्षिणेतल्या फोज्जा-बेनेवेंतो मार्गावर ३००० व्होल्ट डीसीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, चाचणी झाली आणि तीच पुढे देशभराची पद्धत ठरली. एकच तार, साधी सिरीज मोटर, हवा तो वेग. जुनी थ्री-फेज उत्तर-पश्चिमेला रेंगाळत राहिली, शेवटचा मार्ग १९७६ साली बंद झाला.

डीसीबरोबर आला जुझेप्पे बियांकी. रेल्वेच्या इंजिन आरेखन कचेरीतला हा माणूस मला या सगळ्या गोष्टीचा नायक वाटतो. त्याचं ई.६२६ दिसायला काहीच नाही. चौकोनी खोकं, दोन्ही टोकांना लहान नाकाडं, वेग ताशी ९५. पण त्याने हट्ट धरला की वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेल्या इंजिनांचे सुटे भाग एकमेकांना बसलेच पाहिजेत. १९२७ ते १९३९ मध्ये ४४८ नग बनले. युद्धानंतर त्यातले काही युगोस्लाव्हियातही गेले.

मग त्याच भागांवर वेगवान इंजिन करायचा घाट घातला. ई.३२६ : तीन चालक धुरा, दोन मीटरहून जास्त व्यासाची चाकं. जमलं नाही. चढावर कमी पडायचं, वेगात अंग घुसळायचं. १२ नग करून थांबले. त्यातून धडा घेऊन ई.४२८ आलं, चार चालक धुरा, दोन्ही टोकांना भार पेलायला चारचाकी बोगी, वजन १३० टनांच्या आसपास, ताशी १३०. नंतरच्या तुकड्यांना वाऱ्याला तोंड देणारा गोल चेहरा दिला. १९३० च्या दशकातल्या नामांकित गाड्या याच्यामागे धावल्या.

वेगवेडी

अहो, १९३० च्या दशकातला वेग म्हणता आणि ईटीआर २०० चं नाव नाही? ब्रेदा कंपनीची तीन डब्यांची गाडी, तोरिनोच्या पॉलिटेक्निकमधल्या वायुबोगद्यात आकार तपासलेला. ६ डिसेंबर १९३७ ला रोम-नेपल्स मार्गावर ताशी २०१. २० जुलै १९३९ ला फ्लॉरेन्स ते मिलान ११५ मिनिटांत, सरासरी ताशी १६५ च्या आसपास, कमाल २०३. बोलोन्याच्या अलीकडचा डोंगर ओलांडून! त्याच वर्षी ती न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात नेऊन मांडली होती.

घाटवाट

वेगवेडीताई, ते इंजिन नाही. मोटरी डब्यांखालीच. धाग्याचं शीर्षक वाचा की :-)

आणि ११५ मिनिटं हे रोजचं वेळापत्रक नव्हतं. मुसोलिनीच्या राजवटीला मिरवायला असे आकडे हवेच होते. गाडी उत्तम होती याबद्दल वाद नाही.

वेगवेडी

शीर्षक वाचलं. पण मोटरी डब्यांखाली घ्यायच्या की पुढे वेगळं इंजिन लावायचं, हाच तर इटलीतला खरा वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही. एक बाजू गाळून गोष्ट कशी सांगणार? १९५३ ची सेत्तेबेल्लो घ्या. मिलान-रोम, सात डबे, आणि चालक छपरावरच्या छोट्या खोलीत बसवलेला, म्हणजे गाडीच्या अगदी नाकाशी प्रवाशांसाठी काचेचा दिवाणखाना. समोरून रूळ येताना बघत बसायचं. इंजिन लावून हे करून दाखवा.

बोलोन्याकर

नोकरीनिमित्त बोलोन्यात आहे, म्हणून मध्ये तोंड घालतो. घाटवाट यांनी डोंगराचा विषय निसटता सोडलाय, तो महत्त्वाचा आहे.

बोलोन्या-फ्लॉरेन्स मधली जुनी वाट पिस्तोयावरून, १८६४ ची. हजाराला २५ चे चढ, वळणांवर वळणं. २२ एप्रिल १९३४ ला नवी 'दिरेत्तिस्सिमा' खुली झाली, पहिल्या दिवसापासून ३००० व्होल्ट डीसीवर. चढ हजाराला १२ च्या वर नाही. मध्ये अपेनाइन डोंगराखालून साडेअठरा किमीचा दुहेरी मार्गाचा बोगदा. त्या बोगद्याच्या मध्यावर एक स्टेशन होतं, मालगाडी बाजूला घेऊन जलद गाडी पुढे काढायला. वरच्या गावात जायला हजारांवर पायऱ्यांचा तिरका जिना! आता ते स्टेशन वापरात नाही.

ई.४२८ चं नाव झालं ते या मार्गामुळे. तेच इंजिन पिस्तोयाच्या वाटेवर घातलं असतं तर काय धावलं असतं? इंजिनाला हार घालताना रुळाला विसरू नये.

साधाप्रश्न

+१. बोगद्यातल्या स्टेशनावर वेगळा धागा काढा ना.

घाटवाट

बोलोन्याकर, रुळाचं बरोबरच आहे, पण पुढचा भाग वाचा. तीस वर्षं इटलीला नवे रूळ मिळालेच नाहीत, जे मिळवलं ते इंजिनांतून.

युद्धात रेल्वे उद्ध्वस्त झाली. नंतर सगळा भार ई.६३६ वर आला. १९४० ते १९६२ मध्ये ४६९ नग. दोन धुरांच्या तीन बोगी, आणि अंग मधोमध तोडून दोन अर्ध्या डब्यांसारखं जोडलेलं. वेग ताशी १२० पर्यंत, म्हणजे वेगवान नव्हेच. पण हाच साचा पुढे चाळीस वर्षं चालला. १९५८-५९ पासून त्यात ई.६४६ आलं, प्रवासी गाड्यांसाठी, ताशी १४० च्या पुढे. आणि १९७५ पासून ई.६५६, टोपणनाव काइमानो, म्हणजे मगरीच्या जातीतलंच. ४६१ नग, ताशी १५०, तासभर सलग देता येणारी ताकद ४८०० किलोवॅट. १९८९ पर्यंत बनत होतं. म्हणजे जर्मनीत इन्व्हर्टरची इंजिनं धावू लागली तरी इटलीत रेझिस्टन्सवाली मगर कारखान्यातून बाहेर पडतच होती. काहींना हा मागासपणा वाटतो. मला नाही वाटत. जे इंजिन कुठल्याही शेडमधला कुठलाही फिटर दुरुस्त करू शकतो ते कशाला टाकायचं?

साधाप्रश्न

अंग मधोमध तोडायचं कारण? आपल्याकडे तर अखंडच असतं.

कल्याणशेड

आपल्याकडे सहा धुरा असतील तर तीन-तीनच्या दोन बोगी. तीन धुरांची बोगी लांब, ती वळणावर रुळाला बाजूने ढकलते. इटलीवाल्यांनी दोन-दोनच्या तीन बोगी घेतल्या. रुळावर माया, चाकं कमी झिजतात. पण मग मधली बोगी वळणावर अंगाच्या रेषेबाहेर सरकू पाहते. अंग अखंड ठेवलं तर तिला आडवं सरकायला बरीच जागा द्यावी लागते. मधोमध बिजागर दिलं की प्रश्न सुटला. त्यांच्या देशात वळणं आणि घाट पाहता निवड शहाणपणाची.

आता मगरीच्या पोटातली गंमत सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. डीसी इंजिनात मोटरीला मिळणारा दाब बदलायचे जुने दोनच उपाय : रेझिस्टन्स घालून वीज उष्णतेत घालवा, नाहीतर मोटरींची जोडणी बदला. ई.६२६ ला सहा मोटरी. सहाही एका ओळीत लावल्या तर प्रत्येकीला ५०० व्होल्ट. तीन-तीनच्या दोन ओळी केल्या की १०००. दोन-दोनच्या तीन ओळी की १५००. या तीन ठिकाणी रेझिस्टन्स पूर्ण बाहेर, म्हणजे काही वाया न घालवता गाडी कितीही वेळ चालवता येते. मधल्या पायऱ्यांवर रेंगाळलात तर छपराखाली शेगडी पेटते.

ई.६४६ आणि ई.६५६ मध्ये प्रत्येक धुरेवर दोन छोट्या मोटरी, एकूण बारा. मग जोडण्या चार : बाराची एक ओळ, सहाच्या दोन, चारच्या तीन, तीनच्या चार. प्रत्येकीला अनुक्रमे २५०, ५००, ७५० आणि १००० व्होल्ट. एक पायरी जास्त मिळाली आणि त्यावर फील्ड (मोटरीतलं चुंबकत्व) कमी करण्याच्या पायऱ्या वेगळ्या. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही तुकडा न वापरता इतकं मऊ नियंत्रण. ज्याने हे बसवलं त्याला माझा सलाम.

मुंबईला १५०० व्होल्ट होते, त्यामुळे आमच्या डीसी इंजिनांत तत्त्व हेच, आकडे वेगळे. आणि घाटात वीज परत तारेत सोडायचं काम जीआयपी रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) 'मगर' टोपणनावाच्या इंजिनांनीही केलंय, ज्यांना नंतर डब्ल्यूसीजी-१ म्हणू लागले.

पाहुणा_०७

एवढं सगळं वाचून इटलीची रेल्वे वेळेवर धावते का ते सांगा.

घाटवाट

पाहुणे, त्यासाठी प्रवासवर्णनांचा विभाग आहे.

तर कासव. १९६० च्या दशकात जपानने २१० ची गाडी काढली आणि युरोपात सगळ्यांना २०० हा आकडा दिसू लागला. इटलीने १९६७ मध्ये ई.४४४ चे चार नमुने बनवले. सहा नव्हे, चारच धुरा, दोन बोगी, अखंड अंग, वजन ऐंशीपेक्षा थोडंच जास्त टन, ताकद ४००० किलोवॅटच्या घरात. म्हणजे मगरीच्या दोन तृतीयांश वजनात तिच्या जवळपासची ताकद. नमुने ताशी १८० साठी, पुढची मालिका २०० साठी. एकूण ११७ नग. बाजूला पळणाऱ्या कासवाचं चित्र रंगवलं होतं, म्हणून नाव तार्तारुगा. सर्वांत जलद इंजिनावर कासव काढणाऱ्या माणसाला विनोदबुद्धी होती खरी.

रंगही वेगळा : राखाडी आणि निळा. मागे 'ग्रान कोंफोर्त' नावाचे नवे डबे. माझ्या लेखी युद्धोत्तर युरोपातल्या सर्वांत देखण्या गाड्यांपैकी ही एक.

वेगवेडी

देखणी होती, धावली कुठे? मालिका १९७० ते १९७४ मध्ये तयार झाली आणि २०० ने पळायला रूळ नव्हते. रोम-नेपल्स मार्गाचे काही सरळ तुकडे सोडले तर सगळीकडे १४०-१६०. फ्लॉरेन्स-रोम या मुख्य मार्गावर तर जुनी वळणदार वाट. २०० चं इंजिन आणि १०० ची वळणं! फियाटवाल्यांनी म्हणूनच उलटा विचार केला : रूळ बदलता येत नाहीत तर डबाच वळणावर झुकवा. पेंदोलिनो. ईटीआर ४०१ हा नमुना १९७६ चा. आणि इथेही मोटरी डब्यांखाली, वेगळं इंजिन नाही, कारण वळणावर जोरात जायचं तर प्रत्येक धुरेवरचं वजन कमी हवं.

१९८८ मध्ये ईटीआर ४५० आली आणि नव्या मार्गावर २५० ने धावली. कासव तिथे २०० वरच अडलं.

बोलोन्याकर

दोघांच्याही मुद्द्यांना जोडणारा दुवा म्हणजे ती दुसरी दिरेत्तिस्सिमा. फ्लॉरेन्स-रोम, काम सुरू १९७०. पहिला टप्पा रोमपासून चित्ता देल्ला पिएवेपर्यंत, २४ फेब्रुवारी १९७७. त्यात पाल्या नदीचं खोरं ओलांडणारा पाच किमीहून लांब पूल. संपूर्ण मार्ग पूर्ण व्हायला मात्र १९९२ उजाडलं. लांबी २५४ किमी, जुन्या वाटेपेक्षा साठेक किमी कमी, आखणी २५० च्या वेगासाठी. बावीस वर्षं! मध्ये पैसा, राजकारण, टस्कनीतल्या मार्गावरचे वाद, सगळं आलं. फ्रान्सने उशिरा सुरू करून आधी संपवलं आणि नाव त्यांचं झालं.

पण एक गोष्ट या मार्गाची चांगली : तो जुन्या मार्गाला मध्ये मध्ये जोडलेला आहे आणि त्यावर कासवाच्या मागच्या साध्या एक्सप्रेस गाड्याही धावत. म्हणजे कासवाला शेवटी २०० चे रूळ मिळाले, वेगवेडी, फक्त उशिरा.

साधाप्रश्न

मला कळत नाही ते हे : फ्रान्सने २५ हजार व्होल्ट एसी (दिशा बदलत राहणारी वीज) घेतले, जपानने घेतले, आपणही घेतले. इटलीने नवा कोरा मार्ग बांधताना ३००० च का ठेवले?

कल्याणशेड

कारण सगळा ताफा ३००० चा होता आणि दोन्हीकडे चालणारं इंजिन तेव्हा जड आणि महाग पडायचं. कासव, मगर, पेंदोलिनो, सगळ्यांना त्या मार्गावर घालायचं तर वीज तीच हवी.

पण किंमत बघा. दोन टोकांना दोन इंजिनांची ईटीआर ५०० घ्या : ४४०० अधिक ४४००, म्हणजे ८८०० किलोवॅट. ३००० व्होल्टवर हिशेब केला तर जवळपास २९०० अँपिअर. तेच २५ हजारांवर ३५० अँपिअर. तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. म्हणून त्यांच्या मुख्य मार्गांवर जाड तांब्याच्या जोडतारा दिसतात आणि सबस्टेशनं जवळजवळ. शिवाय एवढा प्रवाह पँटोग्राफच्या पट्टीतून घ्यायचा, ताशी २५० ने घासत. वेग दुप्पट केला की हवेवर मात करायला ताकद आठपट लागते. तेव्हा ३००० व्होल्टवर २५० पर्यंत ओढून नेलं हेच खूप, ३०० साठी तार बदलावीच लागणार होती. २००५ साली रोम-नेपल्सचा नवा मार्ग झाला तो २५ हजार व्होल्टवर. नंतर मिलान-बोलोन्या २००८, बोलोन्या-फ्लॉरेन्स २००९.

घाटवाट

आणि या दोन युगांच्या मध्ये ई.४०२ येतं. आधी १९८० च्या दशकात ई.६३२ आणि ई.६३३ आली, टोपणनाव तिग्रे, वाघ. तीत चॉपर, म्हणजे वीज जाळण्याऐवजी तिचे तुकडे करून मोजून देणं. शेगडी गेली. मग १९८८ मध्ये ई.४०२ चे पाच नमुने, पुढे ४० ची मालिका. चार धुरा, आखणी ताशी २२० साठी, आणि आत थ्री-फेज मोटरी. नंतरचं ई.४०२बी दोन्ही दाबांवर चालणारं, ८० नग.

कल्याणशेड

यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. १९७६ मध्ये इटलीने शेवटची थ्री-फेज तार उतरवली. बारा वर्षांत थ्री-फेज मोटर परत इंजिनात. फरक एवढाच की कांदोची फ्रीक्वेन्सी वीजघरातून ठरायची, आता ती इंजिनाच्या आतला इन्व्हर्टर चालकाच्या हातानुसार बदलतो. कांदोची मोटर निवड चुकीची नव्हती, तिला हवा तो पुरवठा देणारं यंत्र तेव्हा जगात नव्हतं. ब्रश नाहीत, कॉम्युटेटर नाही, देखभाल नगण्य. आमच्याकडे डब्ल्यूएपी-५ हे प्रवासी इंजिन आलं १९९५ मध्ये, त्यातही हाच प्रकार, आणि जुन्या डीसी मोटरींचे कार्बन ब्रश बदलत हात काळे केलेल्या माणसाला हे सुख शब्दांत सांगता येणार नाही.

वेगवेडी

मान्य. पण ई.४०२ वेगाच्या शर्यतीत कुठे टिकलं? आज ३०० ने धावतात त्या सगळ्या गाड्या सलग संच आहेत, म्हणजे इंजिन-डबे असे न सुटणाऱ्या अख्ख्या गाड्या.

घाटवाट

ईटीआर ५०० ही सलग संच म्हणून विकली गेली, पण तिच्या दोन्ही टोकांना असतं ते ई.४०४, म्हणजे शुद्ध इंजिन. त्यात प्रवासी नाहीत, मधल्या डब्यांखाली एकही मोटर नाही. चेहरा पिनिनफारिना या मोटार आरेखन कंपनीचा. १९८९ मध्ये नमुन्याने ३१९ गाठले. आणि ३ फेब्रुवारी २००९ ला बोलोन्या-फ्लॉरेन्सच्या नव्या मार्गावर, मोन्ते बिबेले बोगद्यात, ताशी ३६२. बोगद्यात! त्या मार्गाचे साडेअठ्ठ्याहत्तर किमीपैकी ७३ किमी बोगदेच आहेत, तेव्हा दुसरीकडे कुठे पळवणार म्हणा. हे इंजिनांनी केलं, डब्यांखालच्या मोटरींनी नाही.

वेगवेडी

आणि त्यानंतर काय घेतलं? ईटीआर १०००. मोटरी गाडीभर वाटलेल्या. २०१६ च्या चाचणीत तोरिनो-मिलान मार्गावर ३९३ च्या पुढे. स्पर्धक इटालोने २०१२ मध्ये पहिल्या दिवसापासून एजीव्ही घेतली, तीही तशीच. इंजिनाच्या चार धुरांनी सगळा जोर लावायचा म्हणजे पावसाळी रुळावर चाक घसरणार; सोळा धुरांनी वाटून घेतला की घसरणं कमी, टोकाचं वजन कमी, आणि इंजिनाची जागा प्रवाशांना. मी ईटीआर २०० पासून हेच म्हणतेय.

घाटवाट

३०० च्या वर तुमचं बरोबर. २०० च्या खाली मात्र वेगळं इंजिनच परवडतं. डबे वाढवा, कमी करा, इंजिन बिघडलं तर दुसरं लावा, रात्री तेच मालगाडीला जोडा. सलग संचात एक भाग बिघडला की सगळी गाडी शेडमध्ये. इटलीतल्या इंटरसिटी आजही इंजिनांवर चालतात, आणि पहिल्या पिढीच्या ई.४०४ ना हलक्या कामासाठी ई.४१४ करून त्याच इंटरसिटीला लावलंय. एकोणीसशे नव्वदच्या दशकातली २५० वाली इंजिनं आता २०० ने धावतायत आणि उत्तम धावतायत.

बोलोन्याकर

ती जोडी इथे रोज दिसते, पुढे एक मागे एक, मध्ये साधे डबे. नाक उतरतं असल्याने ओळखू येतात.

ज्यांना जुनी इंजिनं बघायची आहेत त्यांच्यासाठी : नेपल्सजवळ समुद्रकाठी पिएत्रार्साचं रेल्वे संग्रहालय आहे, जुन्या इंजिन कारखान्यातच. थ्री-फेजची दोन तारांवाली इंजिनंही तिथे आहेत, छपरावरचा सांगाडा नीट बघा. रेल्वेच्या फाउंडेशनने ईटीआर २०० चा एक संच आणि १९६० चा अर्लेक्किनो संच जपलाय, खास फेऱ्यांना काढतात. एखादं ई.६२६ पर्यटक गाडीच्या पुढे दिसलं तर आश्चर्य वाटायला नको.

साधाप्रश्न

शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. रोमहून निघालेली गाडी फ्लॉरेन्सपर्यंत ३००० व्होल्ट डीसीवर आणि पुढे बोलोन्याकडे २५ हजार एसीवर. मध्ये थांबते का?

कल्याणशेड

नाही. दोन्ही तारांच्या मध्ये वीज नसलेला तुकडा असतो. त्याच्या आधी मुख्य ब्रेकर उघडायचा, पँटोग्राफ खाली घ्यायचा, गाडी आपल्याच वेगाच्या जोरावर तो तुकडा पार करते, पलीकडे गेल्यावर पँटोग्राफ वर आणि ब्रेकर बंद. डब्यातल्या माणसाला फार तर वातानुकूलनाचा आवाज क्षणभर बदललेला जाणवेल. डीसीच्या बाजूला प्रवाह आठपट असल्याने घासपट्टीही वेगळी लागते, म्हणून दोन्ही दाबांसाठी पँटोग्राफ निराळे.

इगतपुरीला मुंबईकडचा डीसी संपून एसी सुरू व्हायचा, तिथे आम्ही यासाठी आख्खं इंजिन काढून दुसरं लावत होतो, आणि ते वाईट चाललं होतं असंही नाही. घाटातले बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, तसेही तिथेच सुटायचे. नंतर दोन्ही दाबांवर चालणारी डब्ल्यूसीएएम आली आणि यार्डातली ती सगळी पळापळ बंद झाली. त्यावर लिहायचं तर दुसरा धागा लागेल. घाटवाट, काढा तुम्ही, मी आकडे देतो.